पत्र, संग्राहक आणि संहिता : एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच साहित्यिकांच्या हस्तलिखित पत्रांचा संग्रह

१

एखाद्या लेखकाचा समग्र पत्रव्यवहार छापील खंडांच्या रूपाने अभ्यासकासमोर येतो, तेव्हा कालानुक्रमे केलेली मांडणी, तळटीपा आणि सूची यांमुळे तो त्या लेखकाच्या इतर ग्रंथांसारखाच एक ग्रंथ वाटू लागतो. वस्तुतः हा ग्रंथ लेखकाने रचलेला नसतो. त्याने लिहिलेला प्रत्येक कागद त्याच्या हातून निघून दुसऱ्याच्या घरी गेलेला असतो. तो कागद जपून ठेवायचा, फाडायचा की जाळायचा, हा निर्णय पत्र घेणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. त्यापुढे तो विक्रेत्याकडे जातो, संग्राहकाकडे जातो आणि बहुधा अखेरीस ग्रंथालयात पोचतो. संपादकाचे काम यानंतर सुरू होते. म्हणजे पत्रसंहितेच्या घडणीत लेखकाइतकाच वाटा पत्र राखणाऱ्याचा आणि पत्र जमवणाऱ्याचा असतो.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच साहित्याच्या बाबतीत या वस्तुस्थितीला विशेष महत्त्व आहे. फ्लोबेरची कादंबरीविषयक भूमिका त्याच्या कोणत्याही सैद्धान्तिक ग्रंथात नाही. ती मुख्यतः त्याच्या पत्रांतून उचलली जाते. रँबोची काव्यविषयक भूमिका १८७१ च्या मे महिन्यात लिहिलेल्या दोन पत्रांत सापडते. बाल्झाकच्या लेखनपद्धतीविषयी, कर्जांविषयी आणि ग्रंथयोजनांविषयी जी माहिती आज उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग त्याने मादाम हान्स्का यांना पाठवलेल्या पत्रांतून आलेला आहे. तौलनिक साहित्याभ्यासात ही पत्रे सिद्धान्ताचा पुरावा म्हणून सर्रास उद्धृत होतात. तो पुरावा कोणत्या मार्गाने हाती आला, याची चौकशी मात्र क्वचितच होते. फ्रेंच पत्रसंग्रहाच्या इतिहासाकडे पाहिल्यास असे दिसते की, संग्रहाच्या प्रक्रियेने तीन गोष्टी ठरवल्या : अस्सल कशाला म्हणायचे, कोणाचा आवाज टिकायचा आणि कोणते पत्र साहित्य म्हणून वाचले जायचे. या तीनही निर्णयांची चिकित्सा केल्याशिवाय पत्रांवर उभारलेली समीक्षा निर्धोक ठरत नाही.

२

प्रथम पत्र या वस्तूचाच विचार करणे इष्ट ठरेल. फ्रान्समध्ये पहिले टपाल तिकीट १ जानेवारी १८४९ रोजी आले. त्याआधी पत्राचे हशील सामान्यतः पत्र घेणाराच देत असे. लखोट्याचा वापरही फारसा रूढ नव्हता. लिहिलेला कागद घडी घालून, लाखेने बंद करून त्याच्याच कोऱ्या बाजूवर पत्ता लिहिला जाई. त्यामुळे या काळातील पत्रात मजकूर, पत्ता, टपालाचे शिक्के आणि लाखेची खूण एकाच कागदावर एकत्र असतात. तारीख न घालणाऱ्या लेखकाच्या पत्राचा दिवस संपादकाला पुष्कळदा शिक्क्यावरून ठरवता येतो. लखोटा सर्वत्र रूढ झाल्यानंतर ही सोय उणावली, कारण पत्र जपणाऱ्यांनी लखोटे फेकून दिले. १८७९ पासून पॅरिसमध्ये हवेच्या दाबाने नळ्यांतून चिठ्ठ्या पोचवण्याची सेवा सर्वसामान्यांना खुली झाली आणि एकाच दिवसात प्रश्न, उत्तर आणि प्रत्युत्तर शक्य झाले. मालार्मेने तर मित्रांचे पत्ते चार ओळींच्या पद्यात रचून पत्रे टपालात टाकली. त्याच्या बाबतीत पत्त्याची बाजू हीच रचना आहे. लखोटा हरवला तर मजकूर राहतो, पण कविता जाते. छापील संहितेत यांपैकी थोडेच उतरते. मजकुराचा कागदाशी असलेला संबंध संग्राहकाने राखलेला असतो. संपादकाला तो टिपेत सांगावा लागतो.

दुसरी बाब कायद्याची. फ्रेंच विधिव्यवस्थेने पत्राच्या मालकीचे दोन भाग केले. कागद पत्र घेणाऱ्याचा. त्यावरील मजकूर प्रसिद्ध करण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. या विभागणीचे परिणाम दूरगामी झाले. लेखकाची पत्रे त्याच्या स्वतःच्या दफ्तरात सापडत नाहीत. तेथे सापडतात ती इतरांनी त्याला पाठवलेली पत्रे. त्याची स्वतःची पत्रे शेकडो घरांत विखुरलेली असतात, आणि ती ज्यांच्याजवळ आहेत त्यांना ती विकता येतात, पण छापता येत नाहीत. यामुळे एकोणिसाव्या शतकात पत्राचा बाजार प्रकाशनाच्या पुढे धावला. पुष्कळ पत्रे वाचली जाण्याआधी विकली गेली, आणि काही तर विक्रीसूचीत आलेल्या दोन-चार ओळींपुरतीच अभ्यासकांना ठाऊक राहिली.

३

हा बाजार राज्यक्रांतीनंतरच्या पिढ्यांत उभा राहिला. १८२८ ते १८३० या काळात थोरांच्या हस्ताक्षरांच्या शिळाछापी प्रतिकृतींचा एक मोठा संग्रह पॅरिसमध्ये निघाला. १८३६ मध्ये फोंतेन याने हस्ताक्षरसंग्राहकांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. झाक शाराव्हे आणि त्याच्या घराण्याने या व्यवसायाला शास्त्राची शिस्त दिली. गाब्रिएल शाराव्हेने १८६२ मध्ये केवळ हस्ताक्षरसंग्राहकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. किंमत ठरवताना मजकुराची लांबी, स्वाक्षरी, तारीख, कागदाची अवस्था आणि पत्र कोणाला लिहिले आहे हे पाहिले जाई. हस्ताक्षर हे व्यक्तिमत्त्वाचे अवशेष आहे, ही स्वच्छंदतावादी काळाची श्रद्धा या बाजाराच्या मुळाशी होती. मराठीत ‘अक्षर’ या एकाच शब्दात लिहिण्याचे वळण आणि न झरणारे तत्त्व असे दोन्ही अर्थ आहेत; फ्रेंच संग्राहकाची श्रद्धा जणू या दुसऱ्या अर्थावर होती.

या श्रद्धेची कसोटी व्राँ-ल्युका प्रकरणात लागली. मिशेल शाल हा त्या काळचा नामांकित भूमितिज्ञ आणि विज्ञान अकादमीचा सदस्य. १८६१ ते १८६९ या काळात त्याने द्नी व्राँ-ल्युका याच्याकडून सत्तावीस हजारांहून अधिक पत्रे सुमारे एक लाख चाळीस हजार फ्रँक मोजून विकत घेतली. त्यांत पास्कालची पत्रे होती, क्लिओपात्राने सीझरला लिहिलेले पत्र होते आणि मेरी मॅग्डलीनने लाझारसला लिहिलेलेही होते. ही सारी पत्रे कागदावर, फ्रेंच भाषेत लिहिलेली होती. १८६७ मध्ये शालने पास्कालची म्हणून ओळखली जाणारी पत्रे अकादमीपुढे ठेवली. त्यांनुसार गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी एका फ्रेंच माणसाला उमगला होता. वाद दोन वर्षांहून अधिक काळ चालला. फेब्रुवारी १८७० मध्ये व्राँ-ल्युकाला दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. आल्फाँस दोदेने १८८८ मध्ये ‘लिमॉर्तेल’ ही कादंबरी याच प्रकरणावरून रचली आणि अकादमीच्या जगाचे त्यात हसे केले.

या प्रकरणाकडे केवळ भोळेपणाची गोष्ट म्हणून पाहता येत नाही. गणितात क्षणोक्षणी सिद्धता मागणारा माणूस पत्राच्या बाबतीत सिद्धता मागत नाही, याचे कारण पत्राविषयीच्या त्या काळच्या कल्पनेत आहे. ग्रंथ हा युक्तिवाद आहे, त्याला आव्हान देता येते. पत्र हे अंतःकरण आहे, त्यावर विश्वासच ठेवायचा, अशी ती कल्पना. शालने पत्रांचा मजकूर तपासला असता तर भाषा, वस्तुस्थिती आणि कालगणना या तीनही अंगांनी बनावटपणा उघड झाला असता. त्याला हवा होता तो मजकूर नव्हता. थोरांच्या खाजगी जगात मिळालेला प्रवेश हवा होता. आणि त्या प्रवेशातून राष्ट्राचा मोठेपणाही सिद्ध होत होता.

याच्या अगदी उलट टोकाला एतिएन शाराव्हे उभा दिसतो. झाक शाराव्हेचा हा मुलगा आपल्या पिढीतील सर्वांत विद्वान हस्ताक्षरतज्ज्ञांपैकी एक होता. १८७० मध्ये त्याने व्राँ-ल्युका प्रकरणावर चिकित्सक पुस्तिका लिहून बनावट पत्रे कशी ओळखावीत याचा विचार मांडला. चोवीस वर्षांनी, १८९४ मध्ये, द्रेफ्यू प्रकरणातील ती कुप्रसिद्ध चिठ्ठी तपासण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञांत तोही होता, आणि अक्षर द्रेफ्यूचे आहे असा निष्कर्ष त्याने दिला. एका निरपराध अधिकाऱ्याच्या शिक्षेला त्या निष्कर्षाचाही हातभार लागला. १८९९ मध्ये रेन येथील सुनावणीत त्याने आपली चूक जाहीरपणे मान्य केली. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. झोलाचे १३ जानेवारी १८९८ चे अनावृत पत्र ज्यांच्यावर आरोप ठेवते त्यांत तीन हस्ताक्षरतज्ज्ञ आहेत. ते एस्तेराझीच्या खटल्यातील तज्ज्ञ होत. शतकाच्या अखेरीस अशी स्थिती आली की, ज्या विद्येने लेखकांची पत्रे अस्सल ठरवली होती, त्याच विद्येला एका लेखकाच्या पत्राने जाब विचारला. शालच्या बाबतीत अक्षराच्या मोहाने मजकूर दिसेनासा झाला होता. शाराव्हेच्या बाबतीत मोह नव्हता, विद्या होती. तरीही अक्षर हा एकमेव पुरावा मानल्याने अनर्थ घडला. दोन्ही प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष एकच : पत्राची अस्सलता अक्षरावरून संशयित करता येते, पण केवळ अक्षरावरून सिद्ध करता येत नाही. त्यासाठी पत्र कोठून आले, कोणाच्या हातून आले, ही परंपरा तपासावी लागते.

४

ही परंपरा राखण्याचे काम ज्या संग्राहकाने सर्वांत नेटाने केले, तो फ्रेंच नव्हता. शार्ल द स्पुल्बेर्ख द लोव्हाँझुल (१८३६–१९०७) हा बेल्जियन सरदार. बाल्झाक, जॉर्ज सांद, गोतिए, सँत-बव्ह यांची हस्तलिखिते आणि पत्रे त्याने आयुष्यभर जमवली. १८७९ मध्ये त्याने बाल्झाकच्या ग्रंथांचा तपशीलवार इतिहास सिद्ध केला. म्हणजे कोणता मजकूर कोठे, केव्हा, कोणत्या फरकांसह छापला गेला, याची नोंद. संग्रह आणि सूची ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्याच्या कार्यातून प्रथमच स्पष्ट झाले.

१८३२ मध्ये ओदेसाहून बाल्झाकला एक पत्र आले. खाली ‘परकी स्त्री’ एवढीच सही होती. ती स्त्री म्हणजे एव्हलिन हान्स्का. पुढे सुमारे अठरा वर्षे हा पत्रव्यवहार चालला. १४ मार्च १८५० रोजी दोघांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला बाल्झाकचा मृत्यू झाला. १८८२ मध्ये मादाम बाल्झाक वारल्या. घर धनकोंच्या ताब्यात गेले आणि त्यातील कागद आजूबाजूच्या दुकानांतून पांगले. लोव्हाँझुलने त्या भागातील दुकानदारांकडे फिरून ते जमवले. अनेक पत्रांची पाने निरनिराळ्या हातांतून एकेक करून परत मिळवावी लागली. याच संग्रहातून १८९९ पासून ‘परकीला पत्रे’ या अर्थाच्या नावाने खंड निघू लागले. चौथा खंड १९५० मध्ये आला. पुढे रोझे पिएरो यांनी या पत्रांचे चिकित्सक संपादन केले. लोव्हाँझुलने आपला संग्रह फ्रेंच इन्स्तित्युला दिला. तो दीर्घकाळ शाँतिईत होता आणि १९८७ मध्ये पॅरिसला इन्स्तित्युच्या ग्रंथालयात आणला गेला.

मराठी वाचकाला या कथेत ओळखीचे सूर ऐकू येतील. बाल्झाकच्या पत्रांचा पहिला खंड निघण्याच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. रुमालांत बांधलेली दफ्तरे शोधत हिंडणे आणि जुन्या कागदाच्या नाशाविरुद्ध धावणे हे दोघांच्याही वाट्याला आले. तरीही दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. राजवाड्यांच्या लेखी पत्र हे साधन आहे. साध्य इतिहास आहे आणि पत्रलेखक हा राज्यव्यवहाराचा घटक आहे. लोव्हाँझुलच्या लेखी पत्र हे एका ग्रंथकर्त्याच्या समग्र कृतीचा भाग आहे. कोणते कागद जमवण्याजोगे ठरतात हे त्या समाजाने आपले सातत्य राज्यात शोधले की ग्रंथकर्त्यात, यावर अवलंबून असते. ‘अस्सल’, ‘नक्कल’ आणि ‘बनावट’ ही मराठी दफ्तरातील त्रिपदी फ्रेंच सामग्रीलाही लागू पडते; मात्र फ्रेंच संग्रहात चौथे पद जोडावे लागते, ते म्हणजे ‘नष्ट’.

लोव्हाँझुलने एवढे वाचवले, तरी तो जे वाचवू शकला नाही ते अधिक बोलके आहे. मादाम हान्स्कांनी बाल्झाकला लिहिलेली पत्रे १८४७ मध्ये बाल्झाकने स्वतः जाळली; घरातील एका स्त्रीने त्यांतील काही चोरून पैशांसाठी धमकावल्यानंतर हे घडले. अगदी थोडे अपवाद सोडता तिची बाजू उरलेली नाही. म्हणून जो ग्रंथ दोन माणसांच्या अठरा वर्षांच्या संवादातून जन्मला, तो एका माणसाचे स्वगत होऊन वाचकापुढे येतो. बाल्झाक आपल्या उत्पन्नाचे आकडे, प्रकृती आणि इतर स्त्रियांशी असलेले संबंध यांविषयी जे लिहितो, ते पुष्कळदा विचारलेल्या प्रश्नांना दिलेले उत्तर आहे, क्वचित आरोपांचे निराकरण आहे. प्रश्न नष्ट झाल्यावर उत्तर हे निवेदन वाटू लागते आणि चरित्रकार ते निवेदन म्हणूनच वापरतो.

५

याचे सर्वांत गंभीर उदाहरण फ्लोबेर आणि लुईज कोले यांचे आहे. फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’ १८५१ च्या सप्टेंबरमध्ये लिहायला घेतली. याच काळात कोलेशी त्याचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला होता. कादंबरीकाराने आपल्या कृतीत कोठेही दिसू नये, शैली हीच वस्तूकडे पाहण्याची रीत आहे, भावना उकळती असताना लिहू नये, ही सूत्रे याच पत्रांतून आली आणि विसाव्या शतकातील कादंबरीविचाराचा पाया बनली. परंतु कोले ही निष्क्रिय श्रोती नव्हती. ती फ्रेंच अकादमीचे काव्यपारितोषिक अनेकदा मिळवलेली कवयित्री होती, आणि आत्मपर, भावनेला वाट करून देणाऱ्या लेखनाची पुरस्कर्ती होती. फ्लोबेर तिच्या कवितांच्या ओळी तपासतो, तिच्या मताला विरोध करतो, तिच्या आग्रहापासून स्वतःला सोडवून घेतो. अलिप्ततेचा सिद्धान्त हा एका चालू वादातील एक बाजू आहे. दुसरी बाजू जवळजवळ पूर्ण नाहीशी झाली. फ्लोबेरने १८७९ मध्ये जुनी पत्रे निवडून मोठ्या प्रमाणावर जाळली. त्या रात्रीचे वर्णन मोपासाँने पुढे १८९० मध्ये केले आहे. कोलेची पत्रे त्या आगीत गेली की फ्लोबेरच्या मृत्यूनंतर त्याच्या भाचीने ती नष्ट केली, याविषयी मतभेद आहेत. ती उरली नाहीत हे मात्र निश्चित.

पुढचा टप्पा संपादनाचा. भाची कारोलिन हिने १८८७ ते १८९३ या काळात चार खंडांत पत्रे छापली, तेव्हा अनेक उतारे गाळले आणि कोलेचे नाव झाकून ‘मादाम एक्स’ एवढेच ठेवले. आगीने आवाज घेतला होता. छापखान्याने नावही घेतले. ज्या पिढीने फ्लोबेरला कादंबरीचा आचार्य मानले, तिने ही पत्रे अशा रीतीने वाचली की, ती कोणालाच लिहिलेली नाहीत आणि म्हणून सर्वांनाच लिहिलेली आहेत. पत्राचा निबंध होण्याची प्रक्रिया येथे पूर्ण झाली.

आणखी एक परिणाम कमी लक्षात घेतला गेला आहे. १८५४ मध्ये दोघांचे संबंध तुटले. १८५५ च्या मार्चमधील एका कोरड्या चिठ्ठीने पत्रव्यवहार संपला. कादंबरी १८५६ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे तिच्या लेखनाची जी जवळजवळ दैनंदिन नोंद अभ्यासकांना मिळते, ती कादंबरी संपण्याआधीच थांबते. त्यानंतर मित्र बुइए याला लिहिलेली पत्रे आहेत, पण ती नोंद तुलनेने विरळ आहे. ‘मादाम बोव्हारी’च्या पूर्वार्धाची घडण उत्तरार्धापेक्षा अधिक तपशिलाने ठाऊक असते याचे कारण कादंबरीच्या रचनेत नाही, ते एका स्त्रीने आपल्याला आलेली पत्रे जपली आणि नंतर ती येणे बंद झाले, यात आहे. तिने ती जपली नसती, तर हा सिद्धान्तच फार तुटपुंज्या रूपात हाती आला असता. फ्लोबेरने तिची पत्रे राखली नाहीत, तिने त्याची राखली. या असमतोलावर आधुनिक कादंबरीची एक संपूर्ण मीमांसा उभी आहे.

विसाव्या शतकातील संपादनाने ही उणीव अंशतः भरून काढली. झाँ ब्रुनो यांनी १९७३ पासून प्लेयाद मालेत सिद्ध केलेल्या आवृत्तीच्या परिशिष्टांत कोलेच्या खाजगी टिपणांतील उतारे आणि मित्रांची पत्रे दिली आहेत. ब्रुनो २००३ मध्ये वारले. पाचवा आणि शेवटचा खंड इव्हाँ लक्लेर यांच्या सहकार्याने २००७ मध्ये पूर्ण झाला. कोलेच्या टिपणांतून एक वेगळाच फ्लोबेर दिसतो. पत्रांत कलेविषयी ठाम बोलणारा हा लेखक तिच्या नोंदींत भेटी टाळणारा, अंतर राखणारा माणूस आहे. त्याच्या लेखनातील अलिप्तता आणि वर्तनातील दुरावा यांचा संबंध काय, हा प्रश्न दोन कागद शेजारी ठेवल्यावरच उभा राहू शकतो.

दोन्ही बाजू टिकल्या तर काय घडते, याचे उदाहरण फ्लोबेर आणि जॉर्ज सांद यांचा पत्रव्यवहार देतो. आल्फाँस जेकब्ज यांनी १९८१ मध्ये दोघांची पत्रे एकत्र, उत्तराला उत्तर अशा क्रमाने छापली. येथेही वाद तोच आहे : लेखकाने कृतीत मत द्यावे की देऊ नये. पण सांदचा प्रतिवाद हजर असल्यामुळे फ्लोबेरची भूमिका सिद्धान्तासारखी निखळ राहत नाही; ती वाकते, खुलासे करते, क्वचित माघार घेते. हे पाहिल्यावर कोलेला लिहिलेल्या पत्रांतील ठामपणा किती प्रमाणात लेखकाचा आणि किती प्रमाणात आगीचा, असा प्रश्न विचारणे भाग पडते.

सांदच्याच बाबतीत उलट घटनाही आढळते. शोपँच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीने सांदची त्याला आलेली पत्रे पोलंडच्या सीमेजवळ ठेवली होती. १८५१ मध्ये धाकट्या द्युमाच्या हाती ती पडली. त्याने ती सांदला परत केली आणि तिने ती जाळली. झॉर्झ ल्युबँ यांनी १९६४ पासून सांदच्या पत्रव्यवहाराचे सव्वीस खंड सिद्ध केले. त्या विराट संपादनात ही पोकळी भरण्याचा मार्ग नाही. स्त्रीने आपली पत्रे परत मागून नष्ट करणे हा त्या काळच्या प्रतिष्ठेच्या नियमांचा भाग होता. त्यामुळे पत्रे नष्ट करण्याचा लेखिकेचा अधिकार आणि ती जपण्याचे संग्राहकाचे कर्तव्य यांत सरळ न्याय करता येत नाही.

टिकणे हेही पुरेसे नसते. ज्यूलिएत द्रुए हिने १८३३ ते १८८३ या पन्नास वर्षांत ह्यूगोला सुमारे बावीस हजार पत्रे लिहिली. ती जपली गेली. ह्यूगोने ३१ ऑगस्ट १८८१ च्या मृत्युपत्राच्या पुरवणीने स्वतःची सर्व हस्तलिखिते राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली आणि लेखकाचे कागद ही राष्ट्राची ठेव आहे ही कल्पना फ्रान्समध्ये रुजवली. पण द्रुएची पत्रे दीर्घकाळ ह्यूगोच्या चरित्राचे परिशिष्ट म्हणूनच वाचली गेली. त्यांच्या निवडी निघाल्या, समग्र संपादन मात्र एकविसाव्या शतकात रुआँ विद्यापीठाच्या डिजिटल प्रकल्पाने हाती घेतले. कोलेची पत्रे नाहीत म्हणून तिचा विचार झाला नाही, असे म्हणावे, तर द्रुएची बावीस हजार पत्रे असूनही तिचा विचार झाला नाही. अभाव कागदाचा होता तितकाच दृष्टीचाही होता.

६

रँबोचे प्रकरण घेणाऱ्याच्या भूमिकेचा वेगळा पैलू दाखवते. त्याने १३ मे १८७१ रोजी शिक्षक इझाम्बार याला आणि १५ मे रोजी कवी पॉल द्मनी याला लिहिलेली पत्रे आधुनिक कवितेचा जाहीरनामा मानली जातात. द्मनीला आलेले पत्र १९१२ मध्ये आणि इझाम्बारला आलेले १९२८ मध्ये छापले गेले. लेखन आणि प्रभाव यांत चार-पाच दशकांचे अंतर आहे. प्रतीकवादी पिढीवर या पत्रांचा प्रभाव शोधणे म्हणूनच कालविपर्यास ठरतो. पत्रे लिहिल्यानंतर महिन्याभराने रँबोने द्मनीला आपण दिलेल्या सर्व कविता जाळण्यास सांगितले. द्मनीने ते ऐकले नाही. त्याच्या अवज्ञेमुळे रँबोच्या आरंभीच्या कविता आज उपलब्ध आहेत. प्रभावाचा अभ्यास करणाऱ्याने पत्रावरील तारखेबरोबर प्रकाशनाची तारीखही पाहिली पाहिजे, हा येथील साधा पण वारंवार विसरला जाणारा धडा आहे.

भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने याच साहित्यवर्तुळातील एक पत्रसंग्रह विशेष महत्त्वाचा आहे. व्हिक्तोर झाकमाँ हा निसर्गवैज्ञानिक स्टांदाल आणि मेरीमे यांचा मित्र. १८२९ मध्ये तो भारतात पोचला, १८३१ मध्ये लाहोरला रणजितसिंहांना भेटला, १८३२ मध्ये पुण्यात राहिला आणि आजारी होऊन ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईत वारला. भावाला लिहिलेले त्याचे अखेरचे पत्र मुंबईहून १ डिसेंबरचे आहे. त्या काळी पत्र पॅरिसला पोचायला महिने लागत. घरच्यांना ते मिळाले तेव्हा लिहिणारा हयात नव्हता. १८३३ मध्येच त्याचा पत्रसंग्रह दोन खंडांत निघाला आणि लोकप्रिय झाला. १८६७ मध्ये आणखी अप्रकाशित पत्रे मेरीमेच्या प्रस्तावनेसह आली. पहिल्या संग्रहाने झाकमाँला प्रवासी म्हणून उभे केले, दुसऱ्याने त्याला पॅरिसच्या एका साहित्यिक पिढीत परत नेऊन बसवले. तोच माणूस, त्याच प्रकारची पत्रे. संग्रहाच्या चौकटीने साहित्यप्रकार बदलला. या पत्रांतील भारत पॅरिसच्या दिवाणखान्यात मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी लिहिलेला आहे. लॉर्ड बेंटिंक यांच्या पाहुणचाराविषयीचा जिव्हाळा, उपरोधिक चुटके, दरबाराची चित्रे ही त्या श्रोत्यांची गरज भागवतात. ज्यांच्याविषयी तो लिहितो ते भारतीय या पत्रव्यवहारात विषय म्हणून येतात, पत्र घेणारे म्हणून येत नाहीत. कोलेची बाजू जळून गेली. येथे दुसरी बाजू पत्ता म्हणूनही कधी लिहिली गेली नाही. वासाहतिक पत्रसाहित्य वाचताना हा फरक डोळ्यांआड होता कामा नये.

७

एकविसाव्या शतकात या पत्रांचे भवितव्य पुन्हा बाजार आणि ग्रंथालय यांच्या ओढाताणीत सापडले. बोदलेरने ३० जून १८४५ रोजी आत्महत्येचा विचार कळवणारे पत्र लिहिले होते. ते नोव्हेंबर २०१८ मध्ये लिलावात दोन लाख चौतीस हजार युरोंना गेले. पत्रे व हस्तलिखिते यांत सामान्य गुंतवणूकदारांना हिस्से विकणारी ॲरिस्टोफिल ही पॅरिसची कंपनी २०१५ मध्ये न्यायालयीन अवसायनात गेली. सुमारे अठरा हजार गुंतवणूकदार आणि एक लाखाहून अधिक कागद यांचा प्रश्न उभा राहिला; २०१७ च्या डिसेंबरपासून त्यांचे लिलाव टप्प्याटप्प्याने होऊ लागले. लोव्हाँझुलने विखुरलेले एकत्र आणले होते. येथे एकत्र आलेले पुन्हा विखुरले. उलटपक्षी २०१७ मध्ये रुआँ येथील फ्लोबेर केंद्राने चार हजारांहून अधिक पत्रांची डिजिटल आवृत्ती खुली केली. मूळ कागद कोठेही असो, त्याची प्रतिमा आणि मजकूर शेजारी ठेवता येतात, नवे पत्र सापडल्यास ते क्रमात बसवता येते. संग्राहकाची जागा काही अंशी आता या आवृत्त्यांनी घेतली आहे. मात्र लिलावात गेलेल्या पत्राचा मालक ते दाखवण्यास नकार देऊ शकतो, आणि अशा पत्राबाबत डिजिटल संपादकाची स्थिती एकोणिसाव्या शतकातील विक्रीसूची वाचणाऱ्या अभ्यासकाहून फार वेगळी राहत नाही.

तेव्हा पत्राला पुराव्याचे स्थान देताना समीक्षकाने त्याच्याकडे दस्तऐवज म्हणून पाहणे आवश्यक आहे : ते कोणाला लिहिले, कोणी राखले, कोणत्या हातांतून आले, प्रथम केव्हा छापले गेले, आणि त्याला आलेले उत्तर कोठे आहे. कोलेच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. त्यामुळे फ्लोबेरची पत्रे निरुपयोगी होत नाहीत. ती सिद्धान्ताच्या पीठावरून उतरून वादाच्या जागी येतात, आणि तेथे त्यांतील प्रत्येक ठाम विधानासमोर एका कवयित्रीची नाहीशी झालेली हरकत गृहीत धरावी लागते. फ्लोबेरच्या अलिप्ततेच्या सिद्धान्ताची मराठी किंवा अन्य भारतीय कादंबरीविचाराशी तुलना करणाऱ्या अभ्यासकाने ती रिकामी जागा तुलनेच्या एका रकान्यात तशीच, रिकामी म्हणून नोंदवली पाहिजे.